१०८ आणि ११२ला पैसा कोण देतो? एका मोफत फोनमागचा सरकारी हिशेब

घरात कुणाच्या छातीत कळ येते, सुनेला अवेळी बाळंतकळा सुरू होतात, नाहीतर नाक्यावर मोटारसायकल घसरते. अशा वेळी आपण १०८ लावतो. मारामारी, चोरी, छेडछाड असेल तर ११२. फोनला पैसे पडत नाहीत आणि येणारी गाडीही बिल मागत नाही. पण आपल्याला मोफत मिळणाऱ्या या सेवेचे पैसे कुणीतरी भरतच असते. फोन उचलणाऱ्या मुलीचा पगार, ड्रायव्हरची पाळी, डिझेल, ऑक्सिजन, टायर, कॉम्प्युटर, हे सगळे दर महिन्याला लागते आणि त्यातला बहुतेक पैसा सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपण भरलेल्या करातून जातो.

हा पैसा कुठून येतो, केंद्र किती देते, राज्य किती देते आणि तो कुठे अडतो, हे सामान्य कुटुंबाला माहीत असायला हवे. गाडी उशिरा आली तर आपण ड्रायव्हरवर चिडतो. पुष्कळदा उशिराचे खरे कारण एखाद्या फाइलमध्ये असते.

आधी नंबर नीट समजून घेऊ

- १०८: तातडीची ॲम्ब्युलन्स. अपघात, हृदयविकार, पक्षाघात, भाजणे, सर्पदंश, विषबाधा, अवघड बाळंतपण.
- १०२: गरोदर माता आणि एक वर्षापर्यंतचे आजारी बाळ यांच्यासाठी सरकारी गाडी. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि बाळंतपणानंतर परत घरी.
- ११२: पोलीस, आग, वैद्यकीय मदत अशा सर्व संकटांसाठी देशाचा एकच नंबर. वैद्यकीय फोन असेल तर तो १०८कडे वळवला जातो.
- १८१: संकटातील महिलांसाठी.
- १०९८: संकटातील मुलांसाठी.
- १९३०: ऑनलाइन फसवणूक. पैसे गेल्याबरोबर लावायचा.
- १४४१६: मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस. १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू.
- १०३३: राष्ट्रीय महामार्गावरील अपघात किंवा अडचण.

हे सगळे नंबर सरकारी आहेत. मात्र प्रत्येकाचे खाते वेगळे आणि निधीही वेगळा. १०८ आणि १०२ आरोग्य खात्याकडे, ११२ गृह खात्याकडे, १८१ आणि १०९८ महिला व बालविकास खात्याकडे. त्यामुळे तक्रार किंवा विचारणा करायची तर आधी खाते ओळखावे लागते.

हा उपकार आहे की हक्क?

८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमधल्या मथुरापूर स्टेशनवर एक मजूर चालत्या गाडीतून पडला. तो पश्चिम बंग खेत मजूर समितीचा सभासद होता. डोक्याला जबर मार लागला होता. त्याला आधी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले, तिथून पुढे पाठवले. मग कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांत फिरवले. कुठे खाट नाही, कुठे त्या दुखापतीवर उपचाराची सोय नाही. शेवटी खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले आणि सुमारे १७,००० रुपये खर्च आला. त्या काळात मजुराच्या घरासाठी ही रक्कम केवढी होती, हे सांगायला नको.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ मे १९९६ रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की गरजेच्या वेळी सरकारी रुग्णालयात उपचार न मिळणे हा राज्यघटनेच्या कलम २१चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे. त्या मजुराला २५,००० रुपये भरपाई देण्यास सांगितले.

आपल्या विषयासाठी या निकालातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळावे म्हणून राज्य पातळीवर मध्यवर्ती संपर्क यंत्रणा असावी आणि रुग्णाला नेण्यासाठी साधनसामग्री व प्रशिक्षित माणसांसह ॲम्ब्युलन्सची सोय असावी, असे न्यायालयाने सुचवले. दुसरी, पैसे नाहीत हे कारण सांगून सरकारला ही जबाबदारी झटकता येणार नाही, हेही स्पष्ट केले. आज आपण १०८ म्हणतो ती कल्पना त्या निकालात आधीच होती. म्हणून या सेवेसाठी बजेटमध्ये तरतूद करणे हे सरकारचे घटनात्मक काम आहे.

१०८ची सुरुवात आणि २००९चा धडा

१०८ सेवा पहिल्यांदा सुरू झाली ती अविभाजित आंध्र प्रदेशात, १५ ऑगस्ट २००५ रोजी. हैदराबादच्या ईएमआरआय या संस्थेने ती उभारली. त्या मागे सत्यम कॉम्प्युटर्सचे रामलिंग राजू यांचे कुटुंब होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राचे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले होते. सरकारचा पैसा आणि खासगी संस्थेचे व्यवस्थापन अशी ही जोडी होती. पुढे एकेक राज्य तिच्यात सामील होत गेले. गोव्यात १०८ सेवा २००८ साली आली.

जानेवारी २००९मध्ये सत्यमचा हिशेब घोटाळा उघड झाला. एवढी मोठी कंपनी कोसळली. आता १०८ बंद पडणार, असे पुष्कळांना वाटले. पण गाड्या थांबल्या नाहीत. रोजचा खर्च प्रामुख्याने सरकारी तिजोरीतून येत होता आणि व्यवस्थापन त्याच वर्षी जीव्हीके समूहाकडे गेले. देणगीदार अडचणीत आला तरी सेवा तगली, कारण तिचा चालू खर्च सरकारच्या बजेटमध्ये होता.

हा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. गाडी एकदाच विकत घ्यावी लागते, सेवा मात्र दर महिन्याला नव्याने विकत घ्यावी लागते.

केंद्र किती देते, राज्य किती देते

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या नियमात १०८ आणि १०२ या दोन सेवांना वेगवेगळी वागणूक आहे.

१०२ ही माता आणि बाळांची सेवा असल्यामुळे तिच्या गाड्यांचा आणि चालवण्याचा पूर्ण खर्च अभियानातून करता येतो. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात येणे आणि तिथून घरी परतणे हा मातेचा हक्क मानला आहे. म्हणून बाळंतपणानंतर घरी जायला कुणी डिझेलचे पैसे मागितले तर देऊ नका. वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा.

१०८चे तसे नाही. गाडी घेण्याचा खर्च अभियानातून मिळतो, पण चालवण्याचा खर्च उतरत्या क्रमाने. पहिल्या वर्षी ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ४० टक्के आणि त्यानंतर दरवर्षी २० टक्के. उरलेला भार राज्याने उचलायचा.

त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा म्हणजे सगळा दिल्लीचा पैसा नव्हे. २०१५-१६पासून महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र ६० आणि राज्य ४० अशी त्याची वाटणी आहे. ईशान्येकडील आणि हिमालयातील राज्यांना ती ९० आणि १० अशी मिळते. आता ढोबळ हिशेब करा. १०८ चालवायला तिसऱ्या वर्षी १०० रुपये लागले तर अभियानातून २० रुपये येतील. त्यातही केंद्राचे फक्त १२. बाकी ८८ रुपये राज्याच्या खिशातून. म्हणजे सेवा जितकी जुनी, तितकी ती राज्याच्या बजेटवर अवलंबून. गाड्यांच्या उद्घाटनाला दिल्लीतून कुणी आले तरी पाचव्या वर्षीच्या डिझेलसाठी मुंबईच्या मंत्रालयाकडेच बघावे लागते.

महाराष्ट्राचा हिशेब

महाराष्ट्रात १०८ सेवा जानेवारी २०१४मध्ये सुरू झाली. पुण्याच्या बीव्हीजी इंडिया कंपनीला काम मिळाले आणि पुण्यातच औंध येथे नियंत्रण कक्ष उभा राहिला. एकूण ९३७ गाड्या. त्यापैकी २३३ ॲडव्हान्स लाइफ सपोर्ट, म्हणजे व्हेंटिलेटरसह चालता अतिदक्षता विभाग, आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्ट. इतर अनेक राज्यांत गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने प्रत्येक गाडीत डॉक्टर ठेवण्याचा निर्णय घेतला. ही जमेची बाजू आहे, पण त्यामुळे खर्चही वाढतो.

गाड्या पुरेशा आहेत का? राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे प्रमाण असे आहे: एक लाख लोकसंख्येमागे एक बेसिक गाडी आणि पाच लाखांमागे एक ॲडव्हान्स गाडी. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांच्या वर होती. त्या प्रमाणात बेसिक गाड्या सुमारे १,१२४ आणि ॲडव्हान्स गाड्या सुमारे २२५ हव्यात. ॲडव्हान्स गाड्यांचा आकडा जुळतो. बेसिक गाड्या मात्र ४२०ने कमी पडतात, आणि तेही २०११चीच लोकसंख्या धरली तर. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा या गावांत त्यानंतर किती वस्ती वाढली, हे तिथे राहणाऱ्यांना माहीत आहे.

पहिल्या कराराची मुदत संपल्यावर त्याला मुदतवाढ मिळत गेली. नंतर २०२४मध्ये राज्याने १० वर्षांसाठी मोठी योजना हाती घेतली. त्यात १,७५६ रुग्णवाहिका ठरल्या आहेत: १,२७४ बेसिक, २५५ ॲडव्हान्स, ३६ नवजात बाळांसाठी आणि बाकी मोटारसायकल व बोट रुग्णवाहिका. या निविदेच्या खर्चावर विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले आणि बराच वाद झाला. वाद आपल्या जागी. वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की कागदावरच्या १,७५६पैकी आपल्या तालुक्यात किती गाड्या उभ्या राहणार आणि कुठे, हा प्रश्न विचारण्याची हीच वेळ आहे.

अरुंद गल्ल्यांचा प्रश्नही यातच येतो. मुंबईत २०१७पासून मोटारसायकल ॲम्ब्युलन्स आहे. जिथे मोठी गाडी वळत नाही तिथे दुचाकीवरून डॉक्टर औषधपेटी आणि ऑक्सिजन घेऊन पोहोचतो. पेशंटला उचलून न्यायला मोठीच गाडी लागते, पण पहिली दहा मिनिटे वाया जात नाहीत. ज्या मोहल्ल्यात हातगाडीसुद्धा अडकते, तिथल्या नगरसेवकाने आणि जमातीने ही मागणी लावून धरावी.

एका गाडीला किती माणसे लागतात?

आठवड्यात १६८ तास असतात. एका माणसाने ४८ तास काम केले तर एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात. सुट्ट्या, आजारपण, सण धरले की चार. म्हणजे एका १०८ गाडीला चार ड्रायव्हर आणि चार डॉक्टर. कॉल सेंटरमधल्या एका खुर्चीलाही चार माणसे. गाडीची किंमत एकदा भरली की विषय संपला. या आठ जणांचा पगार मात्र दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तयार लागतो.

निधी उशिरा आला की काय होते? ठेकेदार पगार थकवतो. कंत्राटी ड्रायव्हर १२-१२ तासांच्या पाळ्या ओढतात, काही जण नोकरी सोडतात. टायर गुळगुळीत झाले तरी बदलले जात नाहीत. गाडी रेकॉर्डवर चालू असते आणि प्रत्यक्षात गॅरेजमध्ये. फोन लावणाऱ्याला फक्त एवढेच ऐकू येते: जवळची गाडी उपलब्ध नाही, पुढच्या तालुक्यातून पाठवतो.

११२ आणि निर्भया निधी

डिसेंबर २०१२मध्ये दिल्लीत घडलेल्या घटनेनंतर केंद्र सरकारने २०१३-१४च्या बजेटमध्ये १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर केला. सुरुवातीची काही वर्षे यातला बराच पैसा खर्चच झाला नाही आणि त्यावर संसदेत टीका झाली. पुढे याच निधीतून ११२ची देशव्यापी यंत्रणा उभी राहिली. त्यासाठी ३२१.६९ कोटी रुपये मंजूर झाले. २८ नोव्हेंबर २०१८ रोजी हिमाचल प्रदेश हे ११२ सुरू करणारे पहिले राज्य ठरले. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी १६ राज्ये व केंद्रशासित प्रदेश आणि मुंबई शहर यांचा समावेश झाला. महाराष्ट्रभर ही सेवा २०२१पासून आहे. तिची मुख्य केंद्रे नवी मुंबई आणि नागपूर येथे आहेत.

इथेही वाटणी तशीच. यंत्रणा उभारण्यासाठी केंद्राचा निधी. पण फोननंतर जी पोलीस गाडी निघते तिचे डिझेल आणि तिच्यातल्या शिपायाचा पगार राज्याच्या गृह खात्याकडून.

याच्या जोडीला एक नियम आला तो पुष्कळांना अजून माहीत नाही. १ जानेवारी २०१७पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये पॅनिक बटण सक्तीचे आहे. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९चे बटण दाबून धरायचे, स्मार्टफोनमध्ये पॉवर बटण पटापट तीनदा दाबायचे. फोन ११२ला लागतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ही सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. कॉलेजला जाणाऱ्या मुलींच्या आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये आजच पाहून ठेवा.

१०९८ची गोष्ट थोडी वेगळी आहे. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा एक प्रकल्प म्हणून सुरू झाली. पुढे स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यातून ती देशभर गेली. २०२३मध्ये मिशन वात्सल्य योजनेखाली ती राज्य सरकारांकडे आली आणि ११२ला जोडली गेली. या योजनेत महाराष्ट्राला केंद्र ६० आणि राज्य ४० अशी वाटणी आहे. १८१चा खर्च मात्र निर्भया निधीतून पूर्णपणे केंद्र करते.

दुसरीकडे काय पद्धत आहे?

अमेरिकेत ९११ हा नंबर १९६८ साली अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल गावातून सुरू झाला. तिथे बहुतेक राज्यांत प्रत्येक फोनच्या मासिक बिलात ९११साठी छोटी फी असते. न्यू जर्सीत ती ९० सेंट आहे. बिलावर ती वेगळी दिसते, त्यामुळे आपण या सेवेसाठी पैसे भरतो हे ग्राहकाला कळते.

पण फी वेगळी घेतली म्हणजे पैसा त्याच कामाला गेला असे होत नाही. काही राज्यांनी हा पैसा दुसऱ्याच खर्चाकडे वळवला. म्हणून २००८च्या कायद्यानुसार तिथल्या दूरसंचार आयोगाला दरवर्षी संसदेपुढे अहवाल ठेवावा लागतो आणि पैसे वळवणाऱ्या राज्यांची नावे त्यात छापली जातात. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांची नावे त्यात वारंवार आली आहेत.

भारतात फोनच्या बिलात अशी वेगळी फी नाही. पैसा सर्वसाधारण करातून बजेटमध्ये आणि तिथून खात्याकडे जातो. याचा फायदा असा की गरिबाच्या रिचार्जवर वेगळा बोजा पडत नाही. तोटा असा की किती रक्कम मिळाली, किती खर्च झाली आणि किती अखर्चित राहून परत गेली, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

जमातीची ॲम्ब्युलन्स आणि सरकारी सेवा

आपल्याकडे मशीद, जमात किंवा ट्रस्टने गाडी घेण्याची चांगली रीत आहे. कोकणातल्या कितीतरी गावांत आखाती देशांत काम करणाऱ्या मुलांनी वर्गणी काढून गाडी पाठवली आहे. मे २०२०मध्ये, कोविडच्या दिवसांत, इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ३६ लाख रुपये जमवून आयजीएम या सरकारी रुग्णालयात १० खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला आणि तो रमजान ईदच्या दिवशी सुरू झाला. समाजाने यंत्रे दिली, ती चालवायला डॉक्टर आणि नर्स सरकारी रुग्णालयाचे. समाजाची मदत आणि सरकारचा चालू खर्च एकत्र आले तर काय होते, त्याचे हे चांगले उदाहरण.

मात्र जमातीची गाडी आणि १०८ यांत फरक आहे. जमातीची गाडी बहुतेक वेळा पेशंट नेण्याची साधी गाडी असते. तिच्यात डॉक्टर नसतो. मयत नेण्यासाठी जनाजा गाडी लागते, ते काम १०८ करत नाही. म्हणून ठरलेली तपासणी, डायलिसिस, दवाखान्यातून घरी आणणे आणि मयत यासाठी जमातीची गाडी, तर जीव धोक्यात असताना आधी १०८, अशी कामाची वाटणी ठेवावी. १०८ लांब असेल तर जमातीची गाडी काढायला अजिबात मागेपुढे पाहू नये.

नवी गाडी घेण्याआधी ट्रस्टच्या बैठकीत तीन वर्षांचा चालू खर्च कागदावर मांडावा: ड्रायव्हर, डिझेल, विमा, दुरुस्ती, ऑक्सिजन. तो कुठून येणार हे ठरल्यावरच गाडीचे पैसे भरावेत. या कामासाठी साधारणपणे लिल्लाह, इमदाद आणि सदक्याची रक्कम वापरली जाते. जकातीचे नियम वेगळे आहेत. त्याबाबत आधी आपल्या आलिमांना विचारावे.

आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीतूनही ॲम्ब्युलन्स मिळते. खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. अल्पसंख्याकबहुल भागांसाठीच्या प्रधानमंत्री जनविकास कार्यक्रमातून आरोग्य केंद्राची इमारत मागता येते. त्याच्या आधीची योजना २००८-०९मध्ये देशातल्या ९० जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातले बुलढाणा, वाशिम, हिंगोली आणि परभणी हे जिल्हे त्यात होते. पण हा सगळा पैसा वस्तू किंवा इमारत उभी करण्याचा आहे. ड्रायव्हरचा दरमहा पगार त्यातून निघत नाही. फीत कापलेली गाडी दोन वर्षांनी ग्रामीण रुग्णालयाच्या मागे गवतात उभी दिसते, ती बहुतेक वेळा याच कारणाने.

माहिती कशी मागायची?

माहितीच्या अधिकारात १० रुपये फी भरून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. प्रश्न एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

जिल्ह्यातल्या १०८बद्दल जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात, १०२बद्दल जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि ११२बद्दल पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्त कार्यालयात अर्ज करावा. प्रश्न थोडे आणि नेमके असावेत:

१. आमच्या तालुक्यात १०८च्या किती गाड्या मंजूर आहेत, किती चालू आहेत आणि त्या कुठे उभ्या असतात?
२. गेल्या १२ महिन्यांत प्रत्येक गाडी किती दिवस बंद होती आणि का?
३. फोनपासून गाडी पोहोचेपर्यंत सरासरी किती मिनिटे लागली?
४. या वर्षी किती निधी मंजूर झाला, किती मिळाला, किती खर्च झाला?
५. उशिराबद्दल ठेकेदाराला किती दंड केला आणि तो वसूल झाला का?

उत्तर मिळाले की ते ग्रामसभेत, वॉर्ड सभेत आणि रुग्ण कल्याण समितीत मांडा. आमदारांना दिले तर अधिवेशनात त्यावर प्रश्न विचारता येतो. अर्ज एकट्याने करण्यापेक्षा मोहल्ल्यातल्या सर्व समाजाच्या चार जणांनी मिळून केला तर जास्त बरे. १०८ची गाडी सगळ्यांच्याच दारात येते.

फोन लावताना

आधी ठिकाण सांगा, नंतर आजार. फोन तुटला तरी गाडी निघेल. गल्लीचे नाव माहीत नसेल तर मशीद, मंदिर, शाळा, पेट्रोल पंप अशी ठळक खूण सांगा. पेशंट शुद्धीवर आहे का, श्वास घेतोय का, हे सांगा. मराठीत किंवा हिंदीत बोला, घाईत इंग्रजी शब्द शोधू नका. फोन समोरच्याने ठेवेपर्यंत ठेवू नका. एकाला मुख्य रस्त्यावर उभे करा, म्हणजे गाडी चुकणार नाही. गल्लीतल्या दुचाक्या बाजूला करा. जुने कागद, चालू गोळ्या आणि आधार कार्ड पिशवीत घाला. १०८ साधारणपणे जवळच्या सरकारी रुग्णालयात नेते, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे दारात वाद होत नाही. सेवा मोफत आहे, बक्षीसही द्यायचे नाही.

रस्त्यावर जखमी दिसला तर मदत करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. ५ मे २०२५पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे कॅशलेस उपचार मिळण्याची केंद्राची योजनाही लागू आहे. आणि ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला कलम १९४ई नुसार १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

खोटा फोन करू नका आणि मुलांना खेळायला फोन देताना लक्ष ठेवा. कॉल सेंटरमधली ती एक खुर्ची चालू ठेवायला चार माणसांचा पगार लागतो, आणि ती दोन मिनिटे अडली तर दुसऱ्या कुणाच्या घरातला फोन वाजत राहतो.

मार्च महिन्यात राज्याचे बजेट येते. तेव्हा आपण रस्ते आणि शिष्यवृत्ती यांच्या बातम्या वाचतो. यंदा त्यात १०८ आणि ११२साठी किती तरतूद झाली, तेही पाहा. सप्टेंबरमध्ये त्यातले किती पैसे जिल्ह्यात पोहोचले, ते विचारा. तालुक्यातली गाडी रात्री अडीच वाजता निघेल की नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरते.